क्रेडिट कार्डवर चुकीचं व्याज किंवा फी लागली तर पैसे परत कसे मागायचे

बिलात ‘फायनान्स चार्जेस’ (म्हणजे व्याज) अशी ओळ दिसली की आपण घाबरून कस्टमर केअरला फोन लावतो. पलीकडून ‘या वेळेपुरतं माफ करतो’ नाहीतर ‘माफ होणार नाही’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. पण माफी मागणं वेगळं आणि चूक दाखवून देणं वेगळं. बँकेने नियम मोडून पैसे लावले असतील तर ते तुमच्या हक्काचे पैसे आहेत. त्यामुळे फोन उचलण्याआधी बिल, कागद आणि पेन घेऊन बसा.

आधी स्वतः हिशेब करा

समजा, ३ जूनला तुम्ही ४०,००० रुपयांचा फ्रीज घेतला. १५ जूनला बिल आलं, ड्यू डेट ५ जुलै. त्या दिवशी तुम्ही ३८,००० भरले आणि वाटलं, राहिलेल्या २,००० वर काय ते व्याज लागेल. प्रत्यक्षात पूर्ण बिल भरलं नाही की ड्यू डेटपर्यंतची बिनव्याजी मुदतच रद्द होते. अनेक बँका व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, तेही पैसे भरेपर्यंत पूर्ण ४०,००० वर. दर महिन्याला साडेतीन टक्के धरला तर वर्षाला ४२ टक्के. ३ जून ते ५ जुलै हे ३२ दिवस, त्यांचे झाले १,४७३ रुपये. पुढे १५ जुलैच्या बिलापर्यंत २,००० वर १० दिवसांचे २३ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण १,७६५.

दोन हजार राहिले म्हणून जवळजवळ तेवढेच आणखी भरायचे! राग येण्यासारखीच गोष्ट आहे. पण कार्डाच्या अटींमध्ये ही पद्धत लिहिलेली असेल तर यावर तक्रार टिकणं कठीण. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे ‘व्याज फार आहे’ एवढ्यावर भांडू नका. असा हिशेब करूनही बिलातला आकडा जास्त निघाला तर मात्र सोडू नका.

बँक कुठे चुकते

रिझर्व्ह बँकेचे काही नियम २०२२ पासून लागू आहेत आणि ते आपल्या बाजूचे आहेत.

सगळ्यात उपयोगाचा नियम लेट फीचा. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लावता येते. वरच्या उदाहरणात ८ जुलैपर्यंत पैसे जमा झाले तर लेट फी नाही, व्याज मात्र लागू शकतं. फी ठरवायची तीही ड्यू डेटनंतर उरलेल्या रकमेवर, आख्ख्या बिलावर नाही. माझ्याच कार्डावर एकदा पैसे दुसऱ्या दिवशी जमा होऊनही लेट फी लागली होती. फोनवर नकार मिळाला. नियम आणि दोन तारखा लिहून ईमेल केल्यावर ती परत आली.

न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. फी वाढवायची तर महिनाभर आधी कळवावं लागतं. न मागता कार्ड दिलं किंवा अपग्रेड केलं आणि पैसे लावले, तर ते परत करून शिवाय त्या रकमेच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. आणि थकबाकी नसताना बंद करायला सांगितलेलं कार्ड कामकाजाच्या सात दिवसांत बंद झालं नाही, तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत.

बिल भरून टाका

वाद फीचा किंवा व्याजाचा असेल तर ती रक्कम अडवून धरू नका. तेवढ्यासाठी बिनव्याजी मुदत जाईल, क्रेडिट स्कोअरही बिघडेल. पूर्ण भरा आणि ‘तक्रार कायम ठेवून भरत आहे’ असं लेखी कळवा. तुम्ही न केलेला, फसवणुकीचा व्यवहार असेल तर गोष्ट वेगळी. तो लगेच कळवा. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत त्या रकमेवर व्याज-फी लावता येत नाही.

तक्रार लेखीच करा

ईमेल छोटा ठेवा. कार्ड क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे द्या. मजकूर साधारण असा:

‘माझ्या १५ जुलैच्या बिलात अमुक रुपये लेट फी आणि त्यावर जीएसटी लावला आहे. ड्यू डेट ५ जुलै होती आणि पैसे ७ जुलैला जमा झाले. यूटीआर (पैसे भरल्याच्या व्यवहाराचा) क्रमांक सोबत दिला आहे. तीन दिवसांच्या आत भरणा झाल्याने ही फी लागू होत नाही. जीएसटीसकट रक्कम परत करावी. फी योग्य वाटत असेल तर हिशेब आणि कागदपत्रं पाठवावीत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ग्राहकाने बिलावर हरकत घेतली की ३० दिवसांच्या आत कागदपत्रांसह खुलासा देणं बँकेला बंधनकारक आहे. सोबत बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर गुळमुळीत आलं तर तीच तक्रार बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवा. त्यांचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो.

तरीही दाद लागली नाही तर

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी लागत नाही, वकील नको. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर (तक्रारींच्या वेबसाइटवर) तक्रार नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या चंडीगडच्या तक्रार केंद्रात पत्राने पाठवली तर मराठीतही चालते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र हवाच, तो नसेल तर अर्ज परत येतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण एकच तक्रार दोन्हीकडे चालवता येत नाही.

पैसे परत आल्याचा मेसेज आला तरी पुढचं बिल उघडून बघा. कधी फी परत येते आणि तिच्यावरचा जीएसटी तसाच राहतो. तसं असेल तर त्याच तक्रार क्रमांकावर एक ओळ लिहून तेवढेही मागून घ्या.