पोर्ट तुंबला की कळलं पाहिजे, पण रात्री दोनला नाही

मे महिन्यातली दुपार. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात स्टोअरमधून फोन आला, "मॅडम, नेट काहून असं रखडून राहिलं?" मी स्विचच्या पोर्टांमधून किती डेटा जातोय ते दाखवणारा ग्राफ उघडला. स्टोअरच्या स्विचचा अपलिंक, म्हणजे बाकी नेटवर्कला जोडणारा पोर्ट: २४ एमबीपीएस. गिगाबिटच्या, म्हणजे हजार एमबीपीएसच्या पोर्टावर २४ म्हणजे काहीच नाही. "लाईन मोकळी आहे, तुमचा कॉम्प्युटर बघा," असं मी ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी घरी निघताना खटकलं म्हणून थेट स्विचवर लॉगिन केलं. त्याच पोर्टाचा टीएक्स-लोड, म्हणजे बाहेर पाठवण्याचा भार, २५५ पैकी २३९. म्हणजे ९४० एमबीपीएसच्या आसपास. डिझाइनवाल्यांनी जुन्या ड्रॉइंगचा अख्खा फोल्डर नव्या नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीवर) टाकायला घेतला होता आणि माझा ग्राफ २४ दाखवत बसला होता. लोकमान्य नगरहून मेट्रो पकडली, पण डोक्यात तेच.

कारण असं. पोर्टातून गेलेले बाइट मोजणारा स्विचचा जुना ऑक्टेट काउंटर ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि परत शून्यावर येतो, स्कूटरच्या मीटरसारखा. गिगाबिट लाईन पूर्ण भरली तर हे ३४ सेकंदांत होतं. मी वाचन घेत होते दर ५ मिनिटांनी. मधल्या वेळात मीटर आठ वेळा फिरून आलं तरी मला पत्ता नाही. अशा मांडणीत ग्राफ ११५ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. मग त्यावर ८०० एमबीपीएसला वाजणारा अलर्ट लावून करायचं काय?

म्हणून आधी काउंटर सुधारा, अलर्ट नंतर. ६४ बिटांचे काउंटर हवेत, नावात 'एचसी' असलेले. ते एसएनएमपीच्या (स्विचकडून असे आकडे विचारायच्या प्रोटोकॉलच्या) पहिल्या व्हर्जनमध्ये येतच नाहीत. मी तो स्विच कधीतरी घाईत पहिल्या व्हर्जननं जोडला होता, एवढीच ती चूक. दुसरं 'सी' व्हर्जन घ्या, स्विच देत असेल तर तिसरं. कम्युनिटीचं नाव (ते पासवर्डसारखंच असतं) 'पब्लिक' ठेवू नका, परवानगी फक्त वाचायची द्या, आणि एसएनएमपी ज्यावर ऐकतं त्या यूडीपी १६१ ला तुमच्या मॉनिटरिंग सर्व्हरशिवाय कोणालाही उत्तर मिळू देऊ नका.

आमच्याकडे मॉनिटरिंगसाठी झॅबिक्स हे सॉफ्टवेअर आहे. तयार टेम्प्लेट लावलं तर हिशोब तोच करतो. स्वतः आयटम (मोजायची एकेक गोष्ट) बनवत असाल तर प्रीप्रोसेसिंगमध्ये 'दर सेकंदाचा फरक' घ्या आणि ८ नं गुणा, कारण काउंटर बाइट मोजतो आणि आपण बोलतो बिटांत. वाचन दर मिनिटाला ठेवा.

दिशेचा घोळ सगळ्यांचाच होतो. 'इन' म्हणजे स्विचच्या आत येणारं. कोणी डाउनलोड करत असेल तर त्याच्या पोर्टावर 'आउट' वाढतं. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासा. बेरीज करू नका; फुल डुप्लेक्समध्ये प्रत्येक दिशेला पूर्ण गिगाबिट मिळतो.

आता दोन आठवडे काहीही अलर्ट न लावता नुसतं बघा. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण मी ते टाळलं आणि सगळ्या पोर्टांना सरसकट ८० टक्के लावले, पाच मिनिटांची सरासरीसुद्धा न घेता. पहिल्याच रात्री दोन वाजता फोन वाजायला लागला तो थांबेना. बॅकअप चालू होता. तिसऱ्या रात्री मी टेलिग्राम म्यूट केलं, म्हणजे अलर्ट असून नसल्यासारखा.

सध्याचा ट्रिगर, म्हणजे अलर्ट कधी वाजवायचा तो नियम, असा: १५ मिनिटांची सरासरी पोर्टाच्या वेगाच्या ८० टक्क्यांवर गेली की वाजव, आणि ६५ च्या खाली आल्याशिवाय मिटवू नको. ही दुसरी अट झॅबिक्सच्या रिकव्हरी एक्स्प्रेशनमध्ये जाते. ती नसेल तर ७९-८१ च्या काठावर मेसेजचा पाऊस पडतो.

इंटरनेटच्या पोर्टाला टक्केवारी चालत नाही. आमची लीज्ड लाईन ५० एमबीपीएसची, पण ती येते गिगाबिट पोर्टावर. ८० टक्के म्हणजे ८००, तिथं ती जन्मात पोचणार नाही. तिला सरळ आकडा द्या. मी ४२ ठेवला आहे. आणि ही लाईन तुंबली तर टेलिग्रामचा मेसेज त्याच लाईननं बाहेर जाणार, हे लक्षात घ्या. झॅबिक्सला जीएसएम मोडेम जोडून एसएमएस पाठवता येतो. या एका पोर्टासाठी आम्ही तेच केलं.

बॅकअपच्या पोर्टावर तर मी उलटा अलर्ट लावला. रात्री एक ते तीनमध्ये तिथं ट्रॅफिक *वाढलाच नाही*, तर सकाळी मेल. त्यानं दोनदा बंद पडलेला बॅकअप पकडून दिला.

सरासरी ४० टक्के आणि तरी लोक ओरडतात, असंही होतं. क्षणभराचे उसळते झटके सरासरीत दिसत नाहीत. तिथं आउट-डिस्कार्ड्सचा काउंटर बघा. तो चढत असेल तर पोर्ट पॅकेट टाकून देतोय.

पोर्टांना नावं द्या, डिस्क्रिप्शनमध्ये. "पोर्ट १७, ८७ टक्के" वाचून अर्ध्या झोपेत काय कळणार? "स्टोअर अपलिंक" कळतं. उन्हाळ्यात वीज गेली, यूपीएसही बसला आणि स्विच रीबूट झाला की काही स्विचवर इंटरफेसचे क्रमांक हलतात, आणि स्टोअरचा ग्राफ कँटीनच्या नावावर चढतो. क्रमांक कायम ठेवण्याची सेटिंग असेल तर ती चालू करून ठेवा.

शेवटी चाचणी. दोन टोकांना आयपर्फ३ (मुद्दाम ट्रॅफिक पाठवून वेग मोजणारं साधन) लावा, किमान २० मिनिटं. दहा मिनिटांत अलर्ट येणार नाही, सरासरी तेवढी चढतच नाही. मी स्टोअरच्या अपलिंकवर लावला तेव्हा मेसेज तेराव्या मिनिटाला आला. स्टोअरमधून फोन मात्र चौथ्याच मिनिटाला आला होता, "मॅडम, पुन्हा रखडून राहिलं बघा."