जीव घाबरा होतो म्हणून सुरू केलेल्या गोळ्या : या चुका टाळा

मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा दोन गोळ्या असतात. एक रोजची, एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी. दुसरी थोड्या दिवसांपुरती, क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी. तिला आपण सरसकट 'झोपेची गोळी' म्हणतो. रोजच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळतं, कधी अस्वस्थपणा उलट वाढतो. दुसरीने मात्र तासाभरात धडधड शमते. मग आठवड्यातच पहिली बंद होते आणि मेडिकलवर सांगितलं जातं, "झोपेची तेवढी द्या की."

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. मूळ आजारावर काम करते ती रोजची गोळी. झोपेच्या गोळीची काही आठवड्यांतच सवय लागते आणि ती एकदम तोडली तर घाबरेपणा आधीपेक्षा जोरात उलटतो, फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून ती बरेच दिवस चालू असेल तर हे वाचून आजच टाकून देऊ नका. डॉक्टर तिचा डोस हळूहळू उतरवतात.

आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ होतो. निपाणीचा पेशंट आधी कोल्हापूरला दाखवतो, गुण नाही आला की बेळगाव नाहीतर धारवाड गाठतो. दोन्हीकडच्या पाकिटांवर कंपनीची नावं वेगळी, आत औषध एकच. घरातली म्हातारी दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या घेते, दिवसभर गुंगीत राहते, न्हाणीत तोल जाऊन पडते. आणि घरच्यांना वाटतं, आजार वाढला. पाकिटावर औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं, ते जुळवून बघा. नव्या डॉक्टरांकडे जाताना जुनी सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीचीसुद्धा. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं रोजच्या गोळीबरोबर घातक ठरू शकतात.

झोपेच्या गोळीवर दारू घेऊ नका. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. धडधडीवरची प्रोप्रानोलॉल दमा असलेल्याने शेजाऱ्याचं ऐकून घेऊ नये.

बरं वाटलं तरी रोजची गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर लावा.