रेंज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको

मालवणच्या होमस्टेच्या वेबसाइटचं रूप लॅपटॉपवर बदलायचं आणि अख्खं फोल्डर सर्व्हरवर चढवायचं, हे पावसाळ्यात नको होतं. अर्ध्यावर लाइट जाते, रेंज जाते, की परत श्रीगणेशा. आता टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, आरसिंक (rsync) हे फायली पाठवायचं साधन वापरतो. ते फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघून फक्त बदललेल्या फायली पाठवतं.

१. आज्ञेत ए (आतल्या फोल्डरांसकट, फायलींच्या वेळा जपून), व्ही (काय चाललंय ते दाखव), झेड (दाबून लहान करून पाठव) या पर्यायांसोबत आधी छोटा एन लावा: rsync -avzn. ही रंगीत तालीम: काय जाणार त्याची यादी दिसते, जात काहीच नाही.

२. यादी बरोबर वाटली की एन काढून मोठा पी लावा.

३. मध्येच तुटलं? वरचा बाण दाबून तीच आज्ञा पुन्हा द्या. मोठ्या पीमुळे अर्धवट फाइल राखलेली असते.

आज्ञेत लॅपटॉपवरच्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ (/) हवीच. नसेल तर फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतं आणि साइट आपली जुनीच दिसत राहते. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली!

आणि 'डिलीट' पर्याय जपून. लॅपटॉपवर नसलेलं सगळं तो सर्व्हरवरून पुसतो, पाहुण्यांनी चढवलेले फोटोसुद्धा.