पाडव्याच्या आधी रुजलेली बाग: उन्हाळी परसबागेची तयारी

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, परंतु पुणे-सातारा पट्ट्यातल्या परसबागेला तोवर थांबून चालत नाही. पाडव्याला पेरलेली काकडी ऐन वैशाखवणव्यात फुलावर येते आणि त्या उष्म्यात वेलावर नरफुलांचीच गर्दी होऊन मादीफुले शोधावी लागतात. म्हणून महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते त्या सुमारास बी जमिनीत असावे आणि त्यामागची सगळी जुळवाजुळव जानेवारीअखेर उरकलेली असावी, असा हिशेब मी आता पक्का केला आहे. फार घाईही नडते. एका वर्षी संक्रांत होताच भेंडी टोकली, तर अर्ध्याहून अधिक बी जागीच कुजले. माती 17-18 अंशांच्या खाली असेल तर भेंडी जवळजवळ रुजतच नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिले काम म्हणजे जागा ठरवणे, आणि ती जानेवारीतल्या उन्हावरून ठरवू नये. हिवाळ्यात सावलीत असलेला कोपरा एप्रिलमध्ये थेट डोक्यावरच्या उन्हात येतो. सकाळपासून पाच-सहा तास ऊन आणि दुपारी तीननंतर भिंतीची किंवा झाडाची सावली मिळेल अशी जागा सर्वांत चांगली. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीलगतची जागा सर्वांत वाईट, कारण ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहते. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी त्याआधी वजनाचा विचार करावा. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, तेव्हा मोठ्या कुंड्या गच्चीच्या मध्यावर न मांडता तुळई आणि खांबांच्या रेषेत ठेवाव्यात आणि मातीत निम्मे तरी कोकोपीट व खत मिसळून भार हलका करावा.

वाफ्याच्या बाबतीत बहुतेकांचे चुकते ते पावसाळ्याच्या सवयीने. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून आपण गादीवाफे करतो. तेच उन्हाळ्यात ठेवले तर दोन्ही बाजूंनी वारा लागून सकाळचे पाणी दुपारपर्यंत उडून जाते. या हंगामासाठी वाफा सपाट, भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे खोल आणि कडेने बांध घातलेला असावा. माती वीतभर खोल कुदळून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावी, ढेकळे फोडावीत, मग 100 चौरस फुटांना तीन-चार घमेली शेणखत मिसळावे. शेणखत कुजलेले आहे की नाही ते विकणाऱ्याच्या शब्दावर न ठेवता स्वतः पाहावे: ढिगात मनगटापर्यंत हात घालावा; आत कोमट लागले किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चे आहे आणि त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी बागेत येते. मातीसारखा वास येणारे, मुठीत धरल्यास गोळा होऊन बोटाने सहज विस्कटणारे खत घ्यावे. होळीची राख वाफ्यात ओतण्याची प्रथा मात्र मी सोडून दिली आहे, कारण आपल्याकडील काळी माती मुळातच अल्कधर्मी असते आणि राखेने ती आणखी तशी होते.

बियाण्याची खरेदी करताना घरात खाल्ले जाते तेवढेच लावायचे, असे आधी ठरवावे. चार माणसांच्या कुटुंबाला दुधीचे दोन वेल पुरेसे होतात, पण भेंडीची वीस-पंचवीस झाडे असल्याशिवाय एका वेळची भाजी निघत नाही. वाण निवडताना भेंडीसाठी परभणी क्रांती, काकडीसाठी हिमांगी, कारल्यासाठी हिरकणी किंवा फुले ग्रीन गोल्ड, कोकणात असाल तर कारल्याची कोकण तारा आणि दोडक्याची कोकण हरिता ही आपल्याच कृषी विद्यापीठांची नावे लक्षात ठेवावीत. हे सरळ वाण असल्याने पुढच्या वर्षासाठी घरचे बी धरता येते. संकरित वाणाचे बी धरले तर मूळ गुण टिकत नाहीत. जुने बी असल्यास दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि आठवडाभरात सहाच्या आत रुजले तर सरळ नवे आणावे. कारले आणि दुधीचे बी जाड सालीचे असते, ते पेरण्याआधी रात्रभर भिजवावे. मात्र औषध लावलेले गुलाबी किंवा निळे बी भिजवू नये व उघड्या हाताने हाताळू नये. टोमॅटोचा मोह या हंगामात आवरावा. दिवसा 35 अंशांच्या पुढे पारा गेला की फुले गळतात, त्यामुळे रोप जानेवारीतच लागले नसेल तर ती जागा गवारीला किंवा चवळीला द्यावी.

मांडव वेल चढू लागल्यावर नव्हे, तर बी टोकण्याआधी उभा करावा, कारण नंतर खांब रोवताना मुळे दुखावतात. बांबू, सुतळी आणि नायलॉनची जाळी एवढे पुरते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा वारा आणि कधी गारा येतात, म्हणून खांब हातभर खोल गाडावेत. मांडवाची उंची आपला हात पोहोचेल इतकीच ठेवावी, त्याचे कारण संध्याकाळी कळते. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल उन्हे उतरल्यावर उमलते, तेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात आणि शहरात पतंगही फारसे फिरकत नाहीत. देठाजवळ बोटभर लव असलेले इवले फळ दिसले की ते मादीफूल. नरफूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. हे न केल्यास ते इवले फळ दोन दिवसांत पिवळे पडून गळते, आणि आपण खताला दोष देत बसतो.

पाण्यासाठी कुंभाराकडून काठ फुटलेले माठ आणावेत. फेब्रुवारीत ते स्वस्तात मिळतात. माठ रंग न दिलेला असावा, गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावा म्हणजे ते मातीत हळूहळू झिरपते, भोवती तीन-चार वेल लावावेत आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडावर झाकण ठेवावे. पानगळीचा पाला पेटवून न देता पोत्यांत भरून ठेवावा, रोपे वीतभर झाली की त्याचाच चार बोटांचा थर आच्छादन म्हणून पसरावा. पाणी सकाळी द्यावे, तेही तर्जनीची दोन पेरे मातीत खुपसून कोरडे लागले तरच.

किडींचा बंदोबस्त कीड येण्याआधी घरात असला पाहिजे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पिकतात, म्हणून गेल्या वर्षी सावलीत वाळवून ठेवल्या असतील तर उत्तम, नसतील तर विकत आणाव्यात. लिटरला 50 ग्रॅम भरड रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावी. पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर हळद्या रोग येतो, तिच्यासाठी पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगावे. वेलभाज्यांच्या फळमाशीसाठी क्यू ल्यूर या आमिषगंधाचा सापळा मागून घ्यावा. दुकानदार पुष्कळदा मिथाइल युजेनॉलचा देतो, तो आंब्याच्या माशीचा आहे आणि काकडीवर त्याचा उपयोग होत नाही.

पालेभाज्यांना फारशी तयारी लागत नाही: माठ, राजगिरा, अंबाडी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी फेकावी आणि कोथिंबीर मांडवाच्या सावलीत, धणे रगडून.

यादीतली शेवटची नोंद मे महिन्याची आहे. गावी जायचे असेल तर पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यांना तारखा आताच सांगून ठेवाव्यात, आणि काकडी-भेंडी एक दिवसाआड तोडून स्वतःच्या घरी न्यावी असेही आग्रहाने सांगावे, कारण एक फळ जून होऊन झाडावर राहिले की नवी फुले येणे मंदावते. संकोचाने न तोडलेल्या भेंड्या परत आल्यावर आपल्याला लाकडासारख्या वाजताना ऐकू येतात.