थंड पाण्यात उतरायचंय? आधी पहिलं मिनिट सांभाळा

बर्फाच्या टबात बसलेल्यांचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं धोका म्हणजे हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं आतलं तापमान धोकादायक खाली जाणं. तो आहेच, पण तो बराच नंतर येतो, पहिला दणका बसतो श्वासाला.

कातडी एकदम गार पडली की मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, कितीही ठरवलं तरी थांबत नाही, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ आत जातं. म्हणून उडी मारायची नाही, सूर तर नाहीच नाही. पाय, कंबर, छाती असं हळूहळू उतरायचं आणि डोकं वर ठेवायचं. मग धाप लागते, छातीत धडधडतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात त्यामुळे बीपी वर जातं. हे सगळं साधारण अर्ध्या मिनिटात शिगेला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. तेवढा वेळ पोहायचं नाही, फक्त काहीतरी धरून राहायचं आणि श्वास सोडण्यावर लक्ष द्यायचं, लांब लांब सोडायचा, घेणं आपोआप होतं. चुकून खोल पाण्यात पडलात तरी हेच, हातपाय मारण्याआधी उताणं तरंगा.

कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त यांचं 1-10-1 असं सूत्र आहे, अगदी बर्फगार पाण्यासाठी: 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, 10 मिनिटं हातपाय नीट चालतात तोवर, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. आकडे माणसागणिक बदलतात, पण लोक मधले 10 विसरतात. थंडीने हातांच्या नसा आणि स्नायू गार पडले की चांगला पोहणाराही पोहू शकत नाही. अंगठा करंगळीला टेकवून बघत राहा, टेकत नसेल किंवा बोटं आखडल्यासारखी वाटली तर बाहेर या, ‘अजून एक मिनिट’ नको.

सुरुवातीला 15 अंशांच्या आसपासचं पाणी आणि एक-दोन मिनिटं पुरे. तेवढ्यातही दणका चांगलाच बसतो, बर्फ ओतायची हौस नंतर भागवा. पाच-सहा वेळा थोडं थोडं उतरलं की तो बराच कमी होतो.

दोन गोष्टी अजिबात नकोत. एक, पाण्यात असताना किंवा उतरायच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन दम रोखायचे प्रयोग, त्यात शुद्ध हरपून माणूस बुडतो. दुसरं, एकट्याने उतरणं. हृदयाचा त्रास किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरला विचारा. गार पाणी हृदयाचे ठोके वाढवतं आणि त्याच वेळी चेहरा बुडला तर ते मंदावायचा सिग्नल जातो, या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात.

बाहेर आल्यावर खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पाण्याबाहेर असूनही आतलं तापमान अजून थोडा वेळ खाली जात राहतं, त्यामुळे हुडहुडी बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी जास्त भरते. लगेच कडक गरम शॉवर घेऊ नका, रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या होऊन बीपी पडतं आणि चक्कर येते. ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडे कपडे चढवा, आधी वरचे मग खालचे, काहीतरी गरम प्या, दारू नको. आणि कपडे आधीच उलगडून क्रमाने ठेवा, सुन्न बोटांनी जाकिटाची चेन लावता येत नाही. हुडहुडी पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवू नका.