पट्टी नंबरची फाइल: या चुका टाळा

हळदीचे सौदे भरात होते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "अहो, 4712 नंबरच्या दोन पट्ट्या निघाल्यात. एक पलूसच्या शेतकऱ्याची, एक वाळव्याच्या. पैसे कुणाचे कुणाला टाकू?" प्रोग्राम माझाच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती.

पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा, नंबर मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला होता. वाचायचा, 1 मिळवायचा, परत लिहायचा. दुकानात एकच कॉम्प्युटर होता तोवर हे बिनबोभाट चाललं. मग वजनकाट्याजवळ दुसरा आला. काट्यावरच्याने 4711 वाचला. तो 4712 लिहायच्या आत गादीवरच्यानेही 4711 च वाचला. दोघांनी प्रामाणिकपणे 1 मिळवला. ही फट काही मिलिसेकंदांची असते, पण सौदा संपला की पट्ट्या एकदम निघतात, आणि ती नेमकी तेव्हाच गाठते. घरी टेस्ट करताना ती दिसत नाही. बघायचीच असेल तर एका वेळी दहा प्रोसेस (त्याच प्रोग्रामच्या चालू प्रती) सोडा, प्रत्येकीला हजार नंबर मागायला लावा आणि निघालेले आकडे सॉर्ट करून दुबार शोधा.

यावर उपाय लॉकचा, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. गोची पुढेच आहे. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत फाइल लिहिणाऱ्या फंक्शनला लॉकचा पर्याय दिला की काम झालं असं वाटतं. पण तिथे लॉक लागतं ते फक्त लिहिताना. वाचन आधीच उघड्यावर झालेलं असतं. लॉक वाचायच्या आधी घ्या आणि लिहून झाल्यावरच सोडा. पायथन या भाषेत सोडण्यापूर्वी फ्लश करा, म्हणजे मेमरीत (बफरमध्ये) साठलेलं फाइलमध्ये उतरवा, नाहीतर आकडा बफरमध्येच आणि लॉक मोकळं!

मी स्वतः आपटलो ती चूक याहून बारीक होती. फाइल 'डब्ल्यू' (लिहायच्या) मोडमध्ये उघडली की उघडतानाच रिकामी होते. लॉक लागतं त्यानंतर. त्या मधल्या क्षणी दुसऱ्या कॉम्प्युटरने फाइल वाचली, त्याला काहीच मिळालं नाही, 'काहीच नाही'चा शून्य झाला, आणि ऐन हंगामात पट्टी क्रमांक 1 छापून बाहेर आली. पीएचपीत यासाठी 'सी प्लस' मोड आहे: फाइल नसली तर तयार करतो, असली तर आतलं पुसत नाही. लॉक घ्या, वाचा, सुरुवातीला या, मग फाइल रिकामी करून नवा आकडा लिहा.

रिकामी फाइल वीज गेल्यानेही होऊ शकते. म्हणून रिकाम्याला कधीही शून्य समजू नका. प्रोग्राम तिथेच थांबवा, शेवटची पट्टी बघा, आकडा हाताने भरा. जुना बॅकअप परत टाकलात तरी हेच करा, कारण तो आकडा मागचा असतो.

अर्धवट लिखाण टाळायला काहीजण नवी फाइल लिहून नाव बदलतात आणि जुनीच्या जागी बसवतात. चांगली पद्धत आहे, फक्त लॉक त्याच फाइलवर घेऊ नका. लिनक्समध्ये लॉक नावावर नसतं, उघडलेल्या फाइलवर असतं. ताटकळलेल्याला लॉक मिळतं ते जागेवरून हटलेल्या जुन्या फाइलचं, आणि तो खुशाल जुना आकडा वाचतो. लॉकसाठी वेगळी फाइल ठेवा आणि ती कधी पुसू नका.

फोल्डरमधल्या फाइली मोजून 1 मिळवणं तर नकोच. एक पुसली की नंबर दुबार. शेल स्क्रिप्टमध्ये पुढे शून्य लावलेत तर 007 पर्यंत ठीक चालतं, 008 ला अडतं, कारण पुढे शून्य असलेला आकडा बॅश (ती स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) अष्टमान पद्धतीत वाचतो, आणि त्यात 8 हा अंकच नसतो.

1 एप्रिलला आकडा शून्यावर आणणारा कोडही काढून टाका. सकाळी दोन कॉम्प्युटर सुरू झाले तर दोन्ही तो शून्य करतात. फाइलच्या नावातच वर्ष घाला, म्हणजे शून्य करायची वेळच येत नाही. टॅक्स इनव्हॉइससाठी हीच युक्ती वापरत असाल तर लक्षात ठेवा: जीएसटीत नंबर क्रमाने हवा, त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि 16 अक्षरांच्या आत बसायला हवा.

एक मोह मात्र आवरा: पट्टी छापून होईपर्यंत लॉक धरून ठेवायचा. प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळं दुकान ठप्प. नंबर घ्या, लॉक सोडा, मग छापा. छपाई फसली तर तो नंबर 'रद्द' म्हणून नोंदवा. शेठना मधला गेलेला नंबर खटकतो, पण त्याचं कारण दाखवता येतं. दुबार नंबरचं काय दाखवणार?

त्या दोन पट्ट्यांपैकी वाळव्याची दिवाणजींनी पेनाने '4712 अ' केली. माझ्या रिपोर्टला तो 'अ' अजून पचत नाही. दर मार्चला ती एक पट्टी हाताने मिळवावी लागते.