पॅनलमध्ये शिरणाऱ्या लोखंडी पाइपाचे अर्थिंग

खानदेशात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम तोंडावर आला की मोटारी आणि स्टार्टर तपासले जातात. परंतु मोटारीकडून आलेला लोखंडी कंड्युट पाइप (ज्याच्या आतून वायरी नेतात तो) पॅनलच्या पत्र्याला नेमका कसा जोडला आहे, हे क्वचितच कोणी पाहते. जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये स्टार्टरच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येत असल्याची तक्रार होती, म्हणून मी ती पेटी उघडली. पाइप बाहेरच्या एकाच चेकनटवर, म्हणजे पाइप पत्र्याला आवळणाऱ्या चपट्या नटवर, टेकलेला होता, त्याखालचा रंग शाबूत होता आणि आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा लावलेला होता. नळाच्या जोडात पाणी अडवण्यासाठी हे ठीक आहे. इथे मात्र त्याने पाइपात उतरलेल्या विजेची अर्थकडे परतीची वाट अडवली होती.

हा जोड एवढा महत्त्वाचा का, ते हिशेबाने पाहावे. ३२ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) तिच्या क्षमतेच्या ५ ते १० पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर प्रवाहाला तत्काळ पडते. फेजची तार पाइपाला टेकली आणि संपूर्ण फेऱ्याचा रोध ०.५ ओहम असला, तर २३० व्होल्टवर ४६० अँपिअर वाहतात आणि एमसीबी लगेच पडते. परतीचा मार्ग केवळ पाइपच असेल आणि त्याच्या सैल जोडात आणखी २ ओहम भरले, तर प्रवाह ९२ अँपिअरवर येतो, एमसीबी पडायला अनेक सेकंद लागू शकतात आणि तेवढा वेळ पाइप व पॅनल यांच्यामध्ये १८४ व्होल्ट उभे राहतात. शिवाय तापलेल्या जोडावर कापसाचे तंतू साचलेले असतील, तर काय होईल ते जिनिंगवाल्यांना सांगायला नको.

काम परवानाधारक वायरमननेच करावे. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे आणि पुरवठा खरोखर गेला आहे, हे मीटरने तपासावे. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावर विसंबू नये. मग भोकाभोवतीचा रंग आतून व बाहेरून, चेकनट बसेल तेवढ्या रुंदीचा, कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत करावा. पाइपाचे आटेही तारेच्या ब्रशने साफ करावेत. एक चेकनट बाहेरून आणि एक आतून घेऊन पत्रा दोहोंमध्ये पान्ह्याने घट्ट आवळावा, आणि वायरची साल सोलली जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडाला बुश लावावा. जोड पक्का झाल्यावरच उघड्या पत्र्यावर बाहेरून रंग मारावा.

एकात एक कड्या असलेल्या नॉकआउटमध्ये (पेटीच्या पत्र्यात ठोकून काढण्यासाठी अर्धवट कापून ठेवलेल्या भोकात) लहान पाइप बसवला असेल, तर उरलेल्या कड्या पत्र्याच्या बारीक टोकांवर लटकलेल्या असतात आणि मोठा प्रवाह त्यांच्यावर सोपवता येत नाही. अशा ठिकाणी पाइपावर अर्थ क्लॅम्प बसवून तेथून पॅनलच्या अर्थ पट्टीपर्यंत तांब्याची वायर लगसह (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपणासह) जोडावी. लवचीक पाइपाच्या बाबतीतही हेच करावे. माझ्या मते प्रत्येक पाइपातून स्वतंत्र हिरवी वायर ओढावीच. फेजची वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थची वायरही तेवढ्याच जाडीची घ्यावी. मात्र ती ओढली म्हणून पाइपाचा जोड ढिला ठेवून चालत नाही, कारण हात पाइपालाच लागतो. पॅनलच्या दारासाठी लवचीक वायर वेगळी द्यावी. बिजागरीवर भरवसा ठेवू नये.

शेवटी पाइपाचे दूरचे टोक आणि अर्थ पट्टी यांमधील रोध कमी ओहम मोजणाऱ्या मीटरने मोजावा आणि त्यातून मीटरच्या तारांचा रोध वजा करावा. अंदाजासाठी, २.५ चौरस मिलिमीटरची २० मीटर तांब्याची वायर सुमारे ०.१५ ओहम दाखवते. मोजताना पाइप हलवून पाहावा. आकडा नाचला, तर जोड पुन्हा उघडावा. मेगर इन्सुलेशन तपासण्यासाठी असतो, या कामी तो उपयोगाचा नाही.

भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडखालचे पाइप रोज तापून निवतात, त्यामुळे चेकनट सैल पडू शकतात. म्हणून मी पहिला पाऊस पडण्याआधी प्रत्येक चेकनटला एकदा पान्हा लावून पाहतो.